नेरुळच्या तरणतलावातील अंतराळ: दोन खेपांचा अनुभव

ठाण्याहून पनवेलच्या गाडीने नेरुळला उतरले की रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर एक खासगी क्रीडासंकुल लागते. तेथील तरणतलावात शनिवारी आणि रविवारी पाण्याखालील आभासी वास्तवाची सत्रे घेतली जातात. डोळ्यांवर जलरोधक व्हीआर गॉगल चढवायचा, अंगाला शिशाची वजने बांधून घ्यायची, पाण्यात ना वर ना खाली अशा अवस्थेत राहायचे आणि गॉगलमधून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाहेरच्या बाजूने फिरायचे, असे या सत्राचे स्वरूप आहे. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची ही घरगुती आवृत्ती असल्याचे संकुलाचे म्हणणे आहे. मी ठाण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि लिफ्टची दोरी तोडून वजनहीनता समजावण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे आठवीतल्या भाचीने हट्ट धरला तेव्हा तिला फारसा आग्रह करावा लागला नाही. आम्ही दोनदा गेलो. दोन्ही खेपांना गॉगलमधील चित्र तेच होते, पण अनुभव इतका वेगळा आला की या परीक्षणाचा बराचसा भाग त्या फरकाविषयीच आहे. संकुलाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या सगळ्या सुधारण्याजोग्या आहेत.

प्रवेशद्वारावरच्या फलकावर ‘शून्य गुरुत्वाचा थरार’ असे लिहिले आहे, आणि शिक्षकाला खटकणारी पहिली गोष्ट हीच. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीचे गुरुत्व जमिनीवरच्या मानाने सुमारे ८९ टक्के शिल्लक असते. अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्व नाहीसे झाल्यामुळे नव्हे. ते आणि त्यांचे स्थानक दोघेही सतत आणि एकसारखे पडत असतात म्हणून. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जात पडत असल्यामुळे जमीन कधी लागत नाही, इतकेच. तलावात यातले काहीच घडत नाही. तेथे गुरुत्व पुरेपूर असते, फक्त पाण्याचे वर उचलणारे बल, म्हणजे प्लावक बल, त्याला तोलून धरते. हा शब्दांचा कीस काढणे नव्हे. या सेवेत जे उत्तम आहे आणि जे फसते, ते दोन्ही याच फरकातून निघते.

अर्थात पाण्याचा मार्ग अंतराळसंस्थांनी उगाच धरलेला नाही. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ए मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ यानाबाहेर होते. धरायला पुरेसे आधार नव्हते, प्रत्येक हालचालीसरशी शरीर भलतीकडे वळत होते, दमछाकीने शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली आणि ठरलेले काम अर्धवट सोडून त्यांना आत परतावे लागले. त्यानंतर दुसरे अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या तरणतलावात बुडून सराव केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ मोहिमेत तीन खेपांत मिळून सुमारे साडेपाच तास यानाबाहेरचे काम सुरळीत पार पाडले. म्हणजे या विद्येचा उगम एका शाळेच्या तलावात आहे, तेव्हा नेरुळच्या तलावाला नाक मुरडण्याचे कारण नाही. आज ह्यूस्टनमध्ये नासाचा जो सरावतलाव आहे तो सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. त्यात २ कोटी ३० लाख लिटरहून अधिक पाणी आहे आणि स्थानकाच्या भागांच्या पूर्णाकृती प्रतिकृती तळाशी ठेवलेल्या आहेत. अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांचे नऊ स्पेसवॉक, म्हणजे यानाबाहेरच्या खेपा, भरतात ६२ तासांचे. अशा एकेका तासामागे पाण्यात सुमारे सात तासांचा सराव असतो, असा तेथला ढोबळ हिशेब सांगितला जातो. विमानाला वरखाली कमानीत उडवून खरी वजनहीनता मिळवता येते, पण ती एका वेळी जेमतेम वीस-पंचवीस सेकंद टिकते. त्यात बोल्ट कसणे शिकता येत नाही, पाण्यात येते.

व्हीआरही या प्रशिक्षणात नवखे नाही. हबल दुर्बिणीच्या डिसेंबर १९९३ मधील दुरुस्तीच्या तयारीत त्याचा उपयोग झाला होता, आणि दोर सुटून स्थानकापासून दूर वाहत गेलेल्या अंतराळवीराने पाठीवरच्या छोट्या झोताच्या यंत्राने परत कसे यायचे, याचा सराव आजही गॉगल लावूनच करतात. फक्त ही दोन साधने सहसा वेगवेगळी वापरली जातात: शरीराचा सराव पाण्यात आणि दृष्टीचा कोरड्या खोलीत. नेरुळच्या मंडळींनी दोन्ही एकत्र बांधली आहेत. कल्पना म्हणून ती मला पटली. पाणी शरीराला तोलते, पण डोळ्यांना तलावाच्या फरश्या दिसत राहतात. गॉगल काळे आकाश दाखवतो, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपले बूड जाणवत राहते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असा हा घाट आहे.

पहिल्या खेपेला आम्ही रविवारी संध्याकाळी गेलो आणि तीच चूक झाली. आमच्या आधीचे सत्र लांबले होते, मागे वाढदिवसाचा एक मोठा गट खोळंबला होता. मला दोन किलो शिशाचा पट्टा कमरेला बांधून दिला, काठावरच्या कॉम्प्रेसरपासून आलेली हवेची नळी तोंडात दिली आणि दोन मिनिटांत गॉगल चढवून पाण्यात सोडले. समोर पृथ्वीचा निळा कड उगवत होता, स्थानकाचे वीज बनवणारे सौरपंख चमकत होते, आणि मी मात्र हळूहळू उभा होत पायांच्या बाजूने तळाकडे चाललो होतो. चित्र सांगत होते की मी स्थानकाला समांतर आडवा तरंगतो आहे. कंबर सांगत होती की कोणीतरी मला पट्ट्याला धरून खाली ओढते आहे. वीस मिनिटांपैकी निम्मी मी हातपाय मारण्यात घालवली. बाहेर आलो तेव्हा मत असे होते की हा महागडा खेळ आहे, बाकी काही नाही.

दुसऱ्या खेपेला शनिवारी सकाळी साडेसातचे सत्र घेतले. तलाव रिकामा होता आणि प्रशिक्षक असलेल्या तरुणीला घाई नव्हती. तिने प्रथम गॉगल बाजूला ठेवला, साधा मास्क दिला आणि मला पाण्यात आडवे धरून सोडून दिले. पाय लगेच खाली जाऊ लागले. माणसाच्या छातीत हवेचा भाता असतो आणि पाय हाडामांसाचे, त्यामुळे प्लावक बल वरच्या अंगाला आणि वजन खालच्या अंगाला एकवटते. केवळ एकूण वजन तोलून भागत नाही, ते कोठे आहे तेही जुळावे लागते. तिने कमरेच्या पट्ट्यातले एक शिसे काढून छातीवरच्या जाकिटाच्या खिशात सरकवले आणि घोट्यांना फोमच्या पट्ट्या गुंडाळल्या. पुन्हा सोडले, पाच श्वास मोजले. आता डावा खांदा खाली कलत होता. दोनशे ग्रॅमचा एक तुकडा डावीकडून उजवीकडे गेला. पुन्हा पाच श्वास. असे सात-आठ वेळा झाले. ह्यूस्टनमध्ये पाणबुडे अंतराळवीराच्या पोशाखाला वजने आणि फोम लावून हेच करतात, हे मी वर्गात सांगत आलो आहे, पण दोनशे ग्रॅमने माणूस पालथा होतो की सरळ राहतो हे ठरते, याची कल्पना मला नव्हती.

अखेरीस एक क्षण असा आला की मी कोठेच जाईनासा झालो. तळाच्या निळ्या फरशीचा एक टवका उडालेला होता, तो माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर होता. मी श्वास घेतला की तो थोडा दूर जाई, सोडला की तितकाच जवळ येई. साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते, म्हणजे अर्धा लिटर पाणी बाजूला सारले जाते, म्हणजे अर्ध्या किलोची उचल मिळते. आर्किमिडीजचा हा हिशेब मी शेकडो वेळा फळ्यावर केला आहे. तो स्वतःच्या छातीने फरशीच्या टवक्यावर मोजताना पाहिला तेव्हा तोंडात नळी असल्यामुळे हसता आले नाही, एवढेच. खऱ्या अंतराळवीराला पाण्यात हा हेलकावा जाणवत नाही, कारण त्याचा श्वास फुगवलेल्या बंद पोशाखाच्या आतच राहतो आणि पोशाखाचे आकारमान बदलत नाही. आपल्याला तो सोसावा लागतो. श्वास रोखून तो थांबवण्याचा मोह होतो, पण मी तसे करताच प्रशिक्षिकेने मला वर आणले आणि म्हणाली, “सर, इथे कितीही वाटलं तरी श्वास रोखायचा नाही.” तिचे बरोबर होते. तीन मीटर खोलीवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना सुमारे तीस टक्क्यांनी फुगते आणि रोखलेल्या श्वासात ती फुप्फुसाला इजा करू शकते. ही सूचना पहिल्या खेपेला कोणीही दिली नव्हती. वेळेअभावी हवी ती गोष्ट गाळा, ही एक सोडून, असे मी त्यांच्या अभिप्रायवहीत लिहून आलो आहे.

अशा तोललेल्या अवस्थेत गॉगल चढवला आणि तेच चित्र, जे आठवड्यापूर्वी बाजारू वाटले होते, ते एकदम खरे झाले. तळाशी पीव्हीसी पाइपची एक चौकट बुडवून ठेवली आहे. गॉगलमध्ये तिच्या जागी स्थानकाच्या बाहेरचा पिवळा कठडा दिसतो. हात पुढे केला की जेथे कठडा दिसतो तेथेच पाइप हाताला लागतो. चौकटीच्या एका कोपऱ्यात खरा नटबोल्ट बसवलेला आहे आणि दोरीने बांधलेला एक पाना आहे. मी पाना नटाला लावून उजवीकडे जोर दिला. नट जागचा हलला नाही. मीच डावीकडे फिरलो आणि पृथ्वी माझ्या डोक्यावरून घसरत पायांखाली गेली. सर्नन यांचे नेमके काय झाले असेल ते त्या दोन सेकंदांत कळले. मग चौकटीच्या खालच्या बाजूच्या पट्ट्यांत पाय अडकवले, पुन्हा जोर दिला आणि नट फिरला. ऑल्ड्रिन यांच्या यशात पाय अडकवण्याच्या खोबणींचा मोठा वाटा होता, हे वाक्य यापुढे मी वेगळ्या आवाजात शिकवीन.

आता गॉगलच्या मर्यादा. साधारण दहाव्या मिनिटाला दिसणारा कठडा आणि लागणारा पाइप यांची फारकत होऊ लागली. शेवटी दिसे समोर आणि हाताला लागे डावीकडे. यात बिघाड काही नाही. जमिनीवर गॉगलची जागा टिपण्यासाठी रेडिओ लहरी, अवरक्त दिवे किंवा कॅमेरे वापरतात. पाण्यात त्या लहरी फार थोड्या अंतरात विरतात, अवरक्त प्रकाश झपाट्याने शोषला जातो आणि कॅमेऱ्याचे मोजमाप अपवर्तनाने, म्हणजे पाण्यात प्रकाश वाकल्याने, चुकते. उरतो तो गॉगलमधला वळणे मोजणारा संवेदक. तो प्रत्येक वळण आधीच्या वळणात मिळवत जातो, आणि दुकानदाराच्या वहीतल्या पैशांच्या चुकीप्रमाणे त्याची बारीक चूक बेरजेत वाढत जाते. त्यावर उपाय सोपा आहे: दर पाच मिनिटांनी पाइप धरून बटण दाबायचे आणि चित्र पुन्हा जुळवून घ्यायचे. प्रशिक्षिकेने विचारल्यावर ते करून दिले. न विचारता करायला हवे.

दुसरी उणीव मात्र आज्ञावली रचणाऱ्यांची आहे आणि ती मला अक्षम्य वाटते. गॉगल घालून पोहल्यासारखे पाय मारले की डोक्याला बसणाऱ्या हेलकाव्यांवरून संवेदक अंदाज बांधतो आणि चित्रात तुम्ही पुढे सरकता. माझ्या भाचीने हे मिनिटभरात ओळखले आणि ती थेट सौरपंखांपर्यंत पोहत गेली. अंतराळात मागे ढकलायला काहीच नसते, त्यामुळे तेथे जन्मभर पाय मारले तरी बोटभरही पुढे जाता येत नाही. कठडा धरून हातांवर हात टाकत जावे लागते आणि एकदा ढकलून घेतले की थांबण्यासाठीही काहीतरी धरावेच लागते. जी एक गोष्ट येथे शिकता यावी, तिचाच उलटा धडा मुले घरी नेतात. पाण्याचा विरोध कमी करणे कोणाच्या हातात नाही, ते मान्य. सुटलेला पाना पाण्यात हात-दीड हात जाऊन थांबतो आणि अवकाशात सरळ निघून जातो, हा फरक राहणारच. पण चित्राने तरी खोटे बोलू नये.

अंतर्कर्णाविषयी पत्रकात एक ओळ हवी. कानाच्या आतली तोलाची यंत्रणा पाण्यातही गुरुत्वाची दिशा ओळखत राहते. उलटे झालात तर रक्त डोक्यात उतरतेच. गॉगलमधले चित्र गिरकी घेते आणि कान सांगतात की शरीर स्थिर आहे, तेव्हा पोट कोणाची बाजू घेईल ते सांगता येत नाही. पहिल्या खेपेला मी ठाण्याहून निघताना तर्रीदार मिसळ खाल्ली होती. तपशील लिहीत नाही. भाचीला दोन्ही वेळा काहीही झाले नाही. मळमळू लागले तर डोळे मिटून पाइप धरून ठेवावा, अर्ध्या मिनिटात बरे वाटते.

किरकोळ बाबी. पृष्ठभागावर स्नॉर्कल लावून पंधरा मिनिटे फिरण्याचे सत्र १,२०० रुपयांना आणि तीन मीटर खोलीचे वीस मिनिटांचे सत्र ३,५०० रुपयांना मिळते. पहिल्यात तोंड खाली ठेवून तरंगायचे असल्याने वजनहीनतेचा संबंध उरत नाही, ते घेऊ नये. बारा वर्षांखालील मुलांना खोलातले सत्र देत नाहीत, हे योग्यच आहे. चष्म्याचा नंबर असणाऱ्यांसाठी उणे दोन आणि उणे चार अशा दोनच जोडभिंगांची सोय आहे. माझा नंबर उणे तीन असल्याने मी चारचे लावून पृथ्वी पाहिली. निवेदन हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. नवी मुंबईच्या तलावात, जेथे निम्मी मुले मराठी शाळांतून सहलीने येतात, तेथे ही उणीव बोचते. कपडे बदलण्याच्या खोल्या स्वच्छ आहेत, कुलपे मात्र स्वतःची न्यावीत. वीस मिनिटे न हलता पाण्यात राहिल्याने जूनमध्येसुद्धा हुडहुडी भरते, तेव्हा जाड टॉवेल हवाच.

घ्यावे का, तर घ्यावे, पण सकाळचे पहिले सत्र घ्यावे आणि नोंदणी करतानाच वजने जुळवण्यासाठी किती वेळ देणार ते विचारून घ्यावे. संकुलाने जाहिरातीचा सगळा भर गॉगलवर दिला आहे आणि खरे काम शिशाचे तुकडे करतात. वीस मिनिटांच्या चित्राऐवजी दहा मिनिटांचे चित्र आणि त्याआधी वीस मिनिटांची जुळवाजुळव अशी विभागणी केली, तर मी याच दराने वर्गातली मुले घेऊन जाईन. व्यवस्थापकांना तसे सांगितले आहे. त्यांनी ऑगस्टमध्ये एका तुकडीपुरते करून पाहू, असे म्हटले आहे.

मिशी असलेल्या गृहस्थांसाठी एक सूचना राहिली. मास्कची रबरी कड केसांवर नीट बसत नाही आणि पाणी नाकाशी झिरपत राहते. पहिल्या खेपेला मी व्हॅसलीन फासून वेळ मारून नेली, तरी सत्र संपेपर्यंत अर्धी वाटी पाणी साचले होते. दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री मिशीची खालची कड कात्रीने बारीक केली आणि मास्कमध्ये थेंबही आला नाही.